फॉरमॅट मारूनही व्हायरस परत येतो तेव्हा

घरातल्या जुन्या पीसीची तक्रार सांगलीत असो वा साताऱ्यात, ठरलेली असते. मशीन हँग होतं, पेन ड्राइव्हवर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसतात, ब्राउझर उघडला की भलतंच पान समोर येतं. दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारतो, विंडोज टाकून देतो. आठ दिवस बरे जातात आणि नवव्या दिवशी पुन्हा तेच. मग घरात एकमत होतं की व्हायरस हार्ड डिस्कमध्ये भिनलाय, आता मशीन भंगारात.

उसातला लव्हाळा ज्याने काढलाय त्याला हे कोडं लगेच सुटेल. खुरप्याने वरचं पातं गेलं तरी जमिनीखालच्या गाठी तशाच राहतात आणि पाणी दिलं की आठवड्यात पुन्हा हिरवं. चिवट व्हायरसचंही तसंच आहे. तो एकाच वेळी चार-पाच जागी बसलेला असतो आणि साफ केलेली जागा दुसरीकडून पुन्हा भरतो. त्यामुळे कुठला अँटिव्हायरस वापरला यापेक्षा कुठल्या क्रमाने साफसफाई केली, यावर सगळं ठरतं. (व्हायरस, वर्म, ट्रोजन हे तांत्रिकदृष्ट्या वेगवेगळे प्रकार. घरात सगळ्यांना व्हायरसच म्हणतात, इथेही तेच चालवू.)

आधी बघा, व्हायरसच आहे ना

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. मशीन चालू केल्यावर ती दरवेळी २००९ किंवा २०१२ वर जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला आहे. तारीख चुकली की ब्राउझरला प्रत्येक साइटचं सर्टिफिकेट (तिच्या खरेपणाचा डिजिटल दाखला) खोटं वाटतं, 'तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही' असा लाल इशारा येतो आणि अँटिव्हायरस अपडेट व्हायचं थांबतो. लक्षणं सगळी व्हायरसची आणि दुखणं तीन व्होल्टच्या चपट्या सेलचं. घड्याळाच्या दुकानात हा सेल मिळतो. पॉवरची पिन काढून सेल बदला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख लावा आणि मग पुढचं बघा.

तारीख बरोबर असूनही ठरावीक साइटच उघडत नसतील तर विंडोजचं वय आडवं येतंय. विंडोज एक्सपीवर चालणाऱ्या शेवटच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ८ ला सुरक्षित कनेक्शनची आजची टीएलएस १.२ ही पद्धत समजत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला अनेक साइटच्या दाखल्यांना आधार असलेलं एक मोठं मूळ सर्टिफिकेट मुदत संपून बाद झालं, तेव्हापासून अपडेट न झालेल्या मशीनवर कित्येक साइट रुसल्या. त्यावर अँटिव्हायरस काहीच करू शकत नाही.

मशीन नुसतंच संथ असेल तर टास्क मॅनेजर उघडून रॅम बघा. २ जीबी रॅमवर आजच्या ब्राउझरचे पाच टॅब उघडले की मशीन बसणारच. हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल किंवा एक साधा फोटो उघडायला मिनिट लागत असेल तर डिस्कची तब्येत तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर 'गुड', 'कॉशन' किंवा 'बॅड' असं सरळ सांगतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात तळमजल्यावर भिजलेले आणि वाळवून पुन्हा चालू केलेले पीसी कुणाकडे अजून असतील, तर त्यांच्या कनेक्टरवरचा गंज आणि डिस्कचे बॅड सेक्टर आधी तपासावेत. 'कॉशन' दिसलं तर स्कॅन-बिन बाजूला ठेवा आणि पहिल्यांदा डेटा उचला. मरायला टेकलेल्या डिस्कवर सहा तासांचा फुल स्कॅन चालवणं म्हणजे दम्याच्या पेशंटला अजिंक्यताऱ्यावर पळवणं.

कोपऱ्यात सारख्या वर येणाऱ्या 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' या सूचनाही बहुतेकदा व्हायरस नसतात. कुठल्या तरी साइटवर 'अलाउ' दाबलं गेलेलं असतं, एवढंच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीतून ती साइट काढली की विषय संपतो. त्या सूचनेतला फोन नंबर मात्र कधीही लावायचा नाही.

गाठी कुठे कुठे असतात

सगळ्यात मोठी गाठ डी ड्राइव्हमध्ये असते. आपल्याकडे फॉरमॅट म्हणजे फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट, कारण 'डी मध्ये फोटो आहेत, त्याला हात लावू नका' असं घरचेच बजावतात. त्याच डी मध्ये जुन्या सॉफ्टवेअरचे सेटअप ठेवलेले असतात. सॅलिटी, रॅमनिट यांसारखे व्हायरस मशीनवरच्या प्रत्येक .एक्सई फाइलमध्ये स्वतःला चिकटवतात, आणि रॅमनिट तर वेबपानांच्या फाइलीतही शिरतो. कोरं विंडोज पडतं, दुरुस्तीवाला डी मधूनच प्रिंटरचा सेटअप चालवतो आणि पाचव्या मिनिटाला मशीन पुन्हा बाधित. आठ दिवस कुणाच्या लक्षात येत नाही, इतकंच.

दुसरी जागा पेन ड्राइव्ह. एक घरात, एक कामावर, एक मुलीच्या दप्तरात. यातला एकही धुवायचा राहिला की झालं. तिसरी जागा विंडोजच्या पोटात असते: स्टार्टअप फोल्डर, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतल्या) 'रन' नावाच्या नोंदी, ठरल्या वेळी कामं चालवणारा टास्क शेड्युलर, मागे गुपचूप चालणाऱ्या सर्व्हिसेस. चौथी ब्राउझरमध्ये, आणि ही भलतीच फसवी आहे. क्रोममध्ये गूगल खातं जोडून सिंक चालू असेल तर खराब एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) त्या खात्याबरोबर फिरतं. फॉरमॅट करा, नवी डिस्क लावा, लॉगिन केलं की पाहुणा परत हजर.

पाचवी जागा कॉम्प्युटरच्या बाहेर, वायफायच्या राउटरमध्ये. राउटरचा ॲडमिन पासवर्ड कंपनीने दिलेलाच राहिला असेल तर कुणीतरी त्यातलं डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारं सेटिंग) बदलून ठेवू शकतं. ओळखायचं कसं? त्याच वायफायवरचे मोबाइलही भलत्या पानांवर जात असतील तर राउटर बघा. फक्त पीसीच जात असेल तर पीसी. राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून साधारण दहा सेकंद दाबली की तो मूळ सेटिंगवर जातो. मात्र ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्ड त्याआधी कागदावर लिहून घ्या, नाहीतर व्हायरस राहील बाजूला आणि नेटसाठी केबलवाल्याच्या विनवण्या कराव्या लागतील.

हात लावण्याआधी

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. बहुतेक आधुनिक व्हायरस बाहेरच्या सर्व्हरकडून हुकूम आणि नवे भाग घेतात, ती नाळ आधी तोडायची. लागणारी सगळी टूल दुसऱ्या चांगल्या मशीनवर उतरवा. ती न्यायची कशात, याचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही. बाधित मशीनला पेन ड्राइव्ह लावला की तोही बाधित होतो. जुन्या पीसीला डीव्हीडी ड्राइव्ह असतोच, तर टूल एका कोऱ्या डीव्हीडीवर बर्न करा. एकदा बर्न करून बंद केलेल्या डीव्हीडीवर व्हायरसला काहीही लिहिता येत नाही. पंधरा वर्षं धूळ खात पडलेला ड्राइव्ह शेवटी कामाला येतो तो असा.

काय वाचवायचं याची यादी कागदावर करा. फोटो, पीडीएफ, वर्ड-एक्सेल हे सगळ्यांना आठवतं. विसरतात त्या गोष्टी वेगळ्या. टॅली वापरत असाल तर तिचं डेटा फोल्डर, ज्यात १०००० सारख्या पाच आकडी नावांची फोल्डरं असतात. ब्राउझरमधले बुकमार्क. आणि मराठी टायपिंग. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या लग्नपत्रिका, सोसायटीची इतिवृत्तं, दिवाळी अंकाचा मजकूर नव्या विंडोजवर उघडला तर अक्षरांची नुसती रांगोळी दिसते, कारण ती फाइल युनिकोड या आजच्या सर्वमान्य लिपी-पद्धतीत नाही. विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधले ते फाँट वेगळे काढून ठेवा आणि श्रीलिपीचं यूएसबी लॉक कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते आजच शोधा.

डेटा घेताना .एक्सई, .एससीआर, .बॅट, .व्हीबीएस, .जेएस आणि शॉर्टकटच्या .एलएनके फाइली घ्यायच्या नाहीत. ही शेपटं दिसण्यासाठी फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड एक्स्टेन्शन्स फॉर नोन फाइल टाइप्स'वरची टिक काढा. ती टिक असताना 'लग्न फोटो.जेपीजी.एक्सई' ही फाइल 'लग्न फोटो.जेपीजी' अशी साळसूद दिसते, आणि नेमकी त्याच भरवशावर ती बनवलेली असते.

बाहेरून उपसायचं

विंडोज चालू असताना व्हायरसही चालू असतो. तो अँटिव्हायरसला खोटं सांगतो, स्वतःची फाइल लपवतो, पुसली की पुन्हा बनवतो. म्हणून पहिली साफसफाई विंडोज झोपलेलं असताना करायची. त्यासाठी रेस्क्यू डिस्क असते: डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्हवरून चालणारी छोटीशी लिनक्स (विंडोजसारखीच पण वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम), जिच्यात अँटिव्हायरस असतो. कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क आणि डॉक्टर वेब लाइव्हडिस्क या दोन्ही मोफत मिळतात. त्यांतल्या एकीची इमेज फाइल उतरवा, रुफस या मोफत सॉफ्टवेअरने ४ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा.

मशीन चालू करताना बूट मेनूची (मशीन कशावरून चालू करायचं ते विचारणाऱ्या यादीची) कळ दाबायची. डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाइटच्या बोर्डला बहुधा एफ१२, एचपीला एफ९, आसुसच्या डेस्कटॉप बोर्डला एफ८, इंटेलच्या जुन्या बोर्डला एफ१०, एमएसआयला एफ११. स्क्रीन उजळायच्या आधीपासून टकटक दाबत राहा. एकदाच दाबून वाट बघितली तर विंडोज निसटून चालू होतं. यूएसबी यादीतच आली नाही तर मागच्या बाजूचा पोर्ट वापरा, पुढच्या पोर्टांच्या वायरी असेम्बल केलेल्या पीसीत सैल असतात.

विंडोज १० असेल तर आणखी एक अडचण येते. तिथे शट डाउन म्हणजे खरं शट डाउन नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपेत जातं. अशा वेळी रेस्क्यू डिस्कला सी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, पुसता येत नाही. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, म्हणजे ते पुरतं बंद होतं.

रेस्क्यू डिस्क चालू झाली की नेटची वायर थोडा वेळ जोडा आणि व्हायरसची यादी अपडेट करा. विंडोज बंद असल्याने आता धोका नाही. मग आधी डेटा. रेस्क्यू डिस्कच्या फाइल मॅनेजरमधून तुमच्या यादीतल्या वस्तू बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्यानंतर सगळ्या ड्राइव्हचा फुल स्कॅन, डी आणि ई धरून. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कला चार-सहा तास धरून चाला. यूपीएसची बॅटरी गेलेली असेल तर लाइट जाण्याची वेळ टाळून बसा, साफसफाईच्या मधेच मशीन बंद पडलं तर विंडोज न उठण्याची शक्यता असते.

निकालाची यादी नीट वाचा, पुढचा सगळा निर्णय तिथेच आहे. पाच-पंधरा फाइली सापडल्या, बहुतेक टेम्प आणि ॲपडेटा फोल्डरमधल्या, तर मशीन वाचण्यासारखं आहे. त्या फाइली क्वारंटाइन करा, म्हणजे कोंडून ठेवा, आणि पुढे जा. शेकडो .एक्सई फाइलींवर सॅलिटी, व्हायरट किंवा रॅमनिट हे एकच नाव दिसत असेल तर 'डिसइन्फेक्ट'च्या (फाइल ठेवून फक्त व्हायरस कापण्याच्या) मागे लागू नका. चिकटलेला भाग कापताना मूळ फाइल बऱ्याचदा मोडते आणि एखादी सुटली तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून. तिथे फॉरमॅटच खरा, पण पूर्ण. त्याकडे येऊच.

आतून मुळं काढायची

बाहेरून फाइल गेली तरी तिला हाक मारणारी नोंद विंडोजमध्ये शिल्लक राहते. मशीन सेफ मोडमध्ये (गरजेपुरतंच विंडोज चालू होतं त्या अवस्थेत) घ्या: विंडोज ७ आणि एक्सपीला सुरुवातीला एफ८, विंडोज १० ला शिफ्ट दाबून रीस्टार्ट. सेफ मोड उघडायच्या ऐवजी निळा पडदा येत असेल तर सॅलिटीची शंका घ्या, तो सेफ मोडच्या रजिस्ट्री नोंदीच उडवतो.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोरन्स हे टूल चालवा. मशीन चालू होताना आपोआप सुरू होणारी प्रत्येक गोष्ट ते एका यादीत मांडतं. ऑप्शन्समध्ये 'हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज' करा, यादी आटोपशीर होते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल सापडत नाही, गुलाबी म्हणजे फाइलवर कंपनीची सही नाही. गुलाबी दिसलं की व्हायरसच असं नाही, स्वस्त प्रिंटरचे ड्रायव्हरही गुलाबी असतात. फाइल कुठे बसली आहे ते बघा. टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डरमधली, 'एक्सकेजेड्ब्ल्यू' असल्या निरर्थक नावाची नोंद जवळपास नक्की खराब. नोंद डिलीट करण्याआधी नुसती टिक काढा आणि रीस्टार्ट करून बघा. चूक झाली तर टिक परत लावता येते. एसव्हीसीहोस्ट ही खरी फाइल विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरात असते. टेम्पमधली त्याच नावाची किंवा एखादं अक्षर मागेपुढे केलेली 'एससीव्हीहोस्ट' म्हणजे तोतया.

रजिस्ट्रीत दोन किमती डोळ्यांनी बघण्यासारख्या आहेत. रेजएडिट उघडून लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन इथपर्यंत जा. 'शेल'समोर फक्त एक्सप्लोरर.एक्सई हवं. 'युजरइनिट'समोर सिस्टिम३२ मधल्या युजरइनिट.एक्सईचा पूर्ण पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामानंतर दुसऱ्या कुठल्या फाइलचं नाव जोडलेलं असेल तर मूळ सापडलं. तेवढंच पुसा, स्वल्पविराम राहू द्या. खरा युजरइनिट बदलून तिथे दुसरीच फाइल लावलेली असेल आणि अँटिव्हायरसने ती उडवली असेल, तर पासवर्ड टाकला की मशीन आत जातं आणि लगेच लॉगऑफ होतं, पुन्हा पुन्हा. लोक तिथे घाबरून फॉरमॅट मारतात. शेलची नोंद मोडली असेल तर काळा पडदा आणि नुसता कर्सर दिसतो. तेव्हा कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने टास्क मॅनेजर काढा, न्यू टास्कमध्ये एक्सप्लोरर टाइप करा, डेस्कटॉप येईल आणि मग नोंद दुरुस्त करता येईल.

अँटिव्हायरसचा सेटअप डबलक्लिक करूनही उघडत नसेल तर त्याचं नाव बदलून बघा. काही व्हायरस नावावरूनच अडवतात, 'भेंडी' असं नाव दिलं की वाट सोडतात.

मग हे उरकून घ्या. टास्क शेड्युलरमधली दर काही मिनिटांनी चालणारी अनोळखी कामं काढा. सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या वाटेने होस्ट्स फाइल (साइटचे पत्ते परस्पर बदलू शकणारी) नोटपॅडमध्ये उघडा. विंडोज ७ पासून तिथल्या सगळ्या ओळी # ने सुरू होतात, तसं चिन्ह नसलेली आणि कुणी मुद्दाम न लिहिलेली ओळ काढा. इंटरनेट ऑप्शन्समध्ये प्रॉक्सीची (नेट तिसऱ्याच सर्व्हरमधून नेण्याची) टिक नको. ब्राउझर रीसेट करण्याआधी सिंक बंद करा. शेवटी सिस्टिम रिस्टोअरचे जुने पॉइंट पुसा, त्यांत व्हायरसची प्रत पडून असते.

आता मालवेअरबाइट्स किंवा तशा एखाद्या टूलचा स्कॅन. मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून दहाच दिवस चालतो, गेल्या महिन्यात डीव्हीडीवर टाकलेला उपयोगाचा नाही. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून बॉट, म्हणजे बाहेरून चालवले जाणारे व्हायरस, काढणारं टूल मोफत देतं, त्यात क्विक हील या अँटिव्हायरस कंपनीचंही आहे. (कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात करून ही कंपनी उभी करणारे काटकर बंधू मूळचे आपल्या सातारा जिल्ह्यातले.) स्कॅन कितीही टूलने करा, पण कायम चालू राहणारे दोन अँटिव्हायरस एका मशीनवर ठेवू नका. ते एकमेकांनाच संशयाने तपासत बसतात. विंडोज ७ मधला 'डिफेंडर' फक्त स्पायवेअर बघतो, त्याला अँटिव्हायरस समजू नका.

मशीन चालू होताना 'स्क्रिप्ट फाइल सापडत नाही' अशी चौकट आली तर दचकू नका. फाइल गेली, तिला बोलावणारी नोंद राहिली, एवढाच त्याचा अर्थ. ऑटोरन्समध्ये ती पिवळी दिसेल.

शॉर्टकट झालेला पेन ड्राइव्ह

झेरॉक्सच्या दुकानात सातबारा किंवा हॉल तिकीट प्रिंट करून आणलं आणि पेन ड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांना बाण आले, हा प्रकार सगळ्यांनी पाहिलेला. फाइली गेलेल्या नसतात. व्हायरसने खरी फोल्डरं लपवलेली असतात आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट' वाचा. तिथे फोल्डरच्या पत्त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्टपासून सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. डबलक्लिक केलं की आधी स्क्रिप्ट चालते आणि मग संशय येऊ नये म्हणून तुमचं फोल्डरही उघडून दिलं जातं. म्हणूनच लोक महिनोनमहिने बाणावर क्लिक करत राहतात.

हे काम रेस्क्यू डिस्कमधून सगळ्यात सोपं. विंडोजचं 'लपवलेलं' लिनक्सला कळतच नाही, खरी फोल्डरं तिथे उघडी पडलेली दिसतात. कधीकधी सगळा माल एका नाव नसलेल्या फोल्डरमध्ये असतो, फक्त चित्र दिसतं आणि खाली कोरं. ते रिकामं नाव म्हणजे न दिसणारं एक अक्षर असतं. हवं ते कॉपी करून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. विंडोजमधूनच करायचं असेल तर आधी मशीन साफ असल्याची खात्री हवी, नाहीतर एका हाताने काढाल आणि दुसऱ्याने भराल. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब ही कमांड वापरून त्या ड्राइव्हवरच्या सगळ्या फाइल-फोल्डरांचे हिडन, सिस्टिम आणि रीड-ओन्ली हे तिन्ही शिक्के उतरवता येतात. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं 'यूएसबी प्रतिरोध' हे मोफत सॉफ्टवेअर कुठला पेन ड्राइव्ह चालू द्यायचा यावर पासवर्ड लावू देतं. घरात पोरांचे मित्र पेन ड्राइव्ह घेऊन येत असतील तर कामाचं आहे.

फॉरमॅट मारायचाच तर

सेटअपमध्ये ड्राइव्हची यादी येते तेव्हा फक्त सी निवडून पुढे जाऊ नका. डेटा बाहेर निघालेला आहे, तर सगळी पार्टिशन (डिस्कचे पाडलेले भाग) डिलीट करा, 'अनअलोकेटेड' ही एकच ओळ उरू द्या आणि मग नव्याने पार्टिशन पाडा. टीडीएल४ सारखे रूटकिट, म्हणजे विंडोजच्याही खाली लपणारे व्हायरस, डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, मास्टर बूट रेकॉर्डमध्ये बसतात, आणि तो सेक्टर सी ड्राइव्हच्या हद्दीत येतच नाही. जुन्या विंडोजच्या सीडीवरून रिकव्हरी कन्सोलमध्ये तो नव्याने लिहिण्याची कमांडही आहे.

विंडोज ७ नव्याने टाकलं तर सर्व्हिस पॅक १ नंतर केबी४४९०६२८ आणि केबी४४७४४१९ ही दोन अपडेट घाला. त्यांच्याशिवाय मशीनला नव्या पद्धतीची डिजिटल सही ओळखता येत नाही, आणि नवा अँटिव्हायरस इन्स्टॉलच होत नाही. नेट जोडणं त्यानंतर. वाचवलेला डेटा परत आणण्याआधी त्याचा स्कॅन.

आणि क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकट चालवणारी चोरटी फाइल. 'ॲक्टिव्हेट करताना अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करा' असं सांगणारी फाइल त्या पाच मिनिटांत काय करते ते कुणी बघत नाही. दुरुस्तीवाल्याला पेन ड्राइव्हमधून क्रॅक टाकू दिला तर वरची सगळी मेहनत कृष्णेत. फाइलींवर कुलूप घालून पैसे मागणारा स्टॉप-डीजेव्हीयू हा रॅन्समवेअर याच वाटेने घराघरांत पोचला. त्याचा फटका बसला असेल तर पैसे भरू नका, कुलूपबंद फाइली पुसूही नका. नो मोअर रॅन्सम या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात, आणि आज नसलेली किल्ली पुढे येऊ शकते. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन.

जुन्या विंडोजचं काय करायचं

एक्सपीची अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती विंडोज १० साठी नाव नोंदवलं तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. अपडेट थांबल्याने काय बिघडतं हे मे २०१७ मध्ये जगाने पाहिलं. वॉनाक्राय या रॅन्समवेअरने वापरलेलं विंडोजमधलं भोक मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलं होतं, ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं ते अडकले.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे जुना पीसी बाद. पण ४ जीबी रॅम असेल आणि काम यूट्यूब, फॉर्म भरणं आणि प्रिंट एवढंच असेल, तर हार्ड डिस्कच्या जागी २४० जीबीचा एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. अशा मशीनला याहून फायद्याचा खर्च नाही. श्रीलिपी आणि टॅली मात्र तिथे सरळ चालणार नाहीत. त्यांच्यासाठी विंडोज ७ ठेवावंच लागत असेल तर त्या मशीनचं नेट कायमचं काढा. रोजच्या वापरासाठी ॲडमिनऐवजी स्टँडर्ड खातं द्या.

पासवर्ड बदलायचे ते या मशीनवरून नाही, मोबाइलवरून. आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. ब्राउझरमध्ये साठवलेला प्रत्येक पासवर्ड चोरीला गेला असं धरून चाला.

शेवटी तपासणी. एक पेन ड्राइव्ह चांगल्या मशीनवर फॉरमॅट करा, त्यात दोन-तीन साधी फोल्डरं बनवा आणि साफ केलेल्या पीसीला लावून दहा मिनिटं तसाच ठेवा. मग तो पुन्हा रेस्क्यू डिस्कमध्ये उघडून बघा. विंडोजने स्वतः बनवलेलं 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' फोल्डर दिसेल, ते चालतं. त्याशिवाय एखादा शॉर्टकट, ऑटोरन.आयएनएफ किंवा ओळख न पटणारी स्क्रिप्ट आली असेल तर एक गाठ अजून आत आहे. तीन दिवस रोज हे करून पेन ड्राइव्ह कोराच राहिला, की मग वाचवलेले फोटो परत डी मध्ये टाका.